अपिलाची मुदत गेली, आणि खोटं मेडिकल लावायला मन तयार नाही

मधली_लेक
20 नोव्हेंबर, रात्री 10.40

नमस्कार. वडिलांच्या वतीने विचारते आहे. ते 72 वर्षांचे आहेत, स्मार्टफोन वापरत नाहीत.

शेजारच्या शेतकऱ्याने 2016 साली आमच्यावर दिवाणी दावा लावला होता. बांधालगतची साडेचार गुंठ्यांची पट्टी त्याची आहे, आम्ही अतिक्रमण केलंय, असं त्याचं म्हणणं. त्या पट्टीत आमची विहीर आहे, आजोबांनी खोदलेली. नऊ वर्षं वडील एकही तारीख न चुकवता तालुक्याच्या कोर्टात गेले. 18 जुलै 2025 ला दावा डिक्री झाला, म्हणजे आमच्या विरुद्ध निकाल लागला. पट्टीचा ताबा वादीला द्यायचा.

आम्हाला हे कळलं 10 नोव्हेंबरला. तेही कोर्टाकडून नाही, वकिलांकडूनही नाही. वादीचा मुलगा विहिरीवर आला आणि वडिलांना म्हणाला, "काका, निकाल लागून चार महिने होत आले, आता मोटर काढून घ्या." वडील तसेच खाली बसले. मला फोन आला तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं.

11 तारखेला मी रजा टाकून गेले आणि नकलेचा अर्ज केला. 19 ला नक्कल हातात आली. जिल्हा न्यायालयात अपील करायची मुदत 30 दिवसांची होती, ती ऑगस्टमध्येच संपली.

वकीलसाहेबांना भेटले. ते म्हणाले, निकाल लागल्यावर कारकुनाने फोन केला होता, लागला नाही. यात आमचीही चूक आहे, ती लपवत नाही. वडिलांचं जुनं सिम बंद पडलं, नवा नंबर घेतला, तो वकिलांच्या ऑफिसात द्यायचा राहून गेला. पण पुढे साहेब जे म्हणाले त्याने माझी झोप उडाली आहे. "विलंब माफीच्या अर्जाला मेडिकल जोडू. ऑगस्टपासून वडील अंथरुणाला खिळून होते असं सर्टिफिकेट मिळवून देतो. सगळे असंच करतात."

वडील अंथरुणाला खिळून नव्हते. रोज शेतात जात होते. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरी, विहीर जाईल म्हणून खोटं लिहायचं, का खोटं लिहिलं म्हणून विहीर जाईल, मला काही कळत नाही."

खरं कारण लिहिलं तर विलंब माफ होतो का? की मेडिकलशिवाय अर्ज टिकतच नाही? शिवाय शेजारी म्हणतोय, पुढच्या महिन्यात दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून कोर्टाचा बेलिफ घेऊन येतो. काय करू?

.

बांधावरचा
20 नोव्हेंबर, रात्री 11.15

ताई, घाबरू नका. निकाल कळल्यापासून 30 दिवस धरतात. तुम्हाला 10 नोव्हेंबरला कळलं ना, मग 10 डिसेंबरपर्यंत मुदत आहे. विलंब झालेलाच नाही.

.

जुना शिरस्तेदार
21 नोव्हेंबर, सकाळी 6.20

वरचं उत्तर चुकीचं आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण ताईंनी त्यावर विसंबू नये. 31 वर्षं दिवाणी कोर्टात काढली, त्यातली सात नक्कल विभागात. या समजुतीपायी अशाच तारखेची वाट पाहत बसलेली माणसं मी माझ्या टेबलासमोर रडताना पाहिली आहेत.

मुदत कायदा 1963, अनुच्छेद 116. जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर 30 दिवस, उच्च न्यायालयात करायचं तर 90 दिवस, आणि ते हुकूमनाम्याच्या, म्हणजे डिक्रीच्या, तारखेपासून. हुकूमनामा टंकून तयार कधीही होवो, त्याच्यावर तारीख निकालाचीच पडते. तुम्हाला कधी कळलं ही गोष्ट विलंब माफ करण्यासाठी उपयोगी आहे, मुदत मोजण्यासाठी नाही.

आता तुमचा हिशोब मांडतो. 18 जुलै हा निकालाचा दिवस सोडायचा. 19 जुलै पहिला दिवस. 31 जुलैला तेरा होतात आणि 17 ऑगस्टला तीस. 17 ऑगस्टला रविवार होता. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्या दिवशी दाखल केलेलं चालतं, म्हणजे 18 ऑगस्टच्या सोमवारी अपील गेलं असतं तर मुदतीत धरलं असतं. ते गेलं नाही, त्यामुळे विलंब 17 पासूनच मोजायचा.

एरवी नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा मिळतात. तुमच्या नकलेच्या शेवटच्या पानामागे शिक्का असेल. अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. तो शिक्का म्हणजे मुदतीचा सगळा हिशोब. पण नकलेचा अर्ज मुदत चालू असताना केलेला असेल तरच ही वजाबाकी. तुमचा अर्ज 11 नोव्हेंबरचा, तेव्हा मुदत संपून गेली होती. म्हणून ते आठ दिवस वजा होणार नाहीत. ते विलंबातच येतील, आणि नक्कल मिळेपर्यंत थांबलो होतो हे त्यांचं कारण म्हणून द्यायचं. दिवाळीची सुट्टीही वजा होत नाही, तेही पुष्कळ जण विसरतात.

सोमवारी, 24 नोव्हेंबरला दाखल केलंत तर विलंब 99 दिवसांचा. मंगळवारी गेलात तर 100. अर्जात जो आकडा घालाल तो दाखल करण्याच्या दिवशी पुन्हा मोजा. शनिवारी टाइप केलेला अर्ज बुधवारी दाखल होतो आणि आकडा तसाच राहतो. मग ऑफिसचं ऑब्जेक्शन लागतं, दुरुस्तीत आणखी आठवडा जातो, आणि त्या आठवड्याचं कारण पुन्हा द्यावं लागतं.

मेडिकलबद्दल दुपारी लिहितो. त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे. तोवर एक सांगा, वडील तारखा कुठे लिहून ठेवत होते का?

.

तालुका बारमधला
21 नोव्हेंबर, सकाळी 9.05

शिरस्तेदार साहेबांचा हिशोब बरोबर आहे. वकील म्हणून थोडी भर घालतो.

विलंब माफीचा अर्ज मुदत कायद्याच्या कलम 5 खाली करायचा, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 3-अ प्रमाणे तो अपिलासोबतच, शपथपत्रासह द्यायचा. "आधी अपील टाकू, विलंबाचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हुकूमनाम्याची नक्कल अजून मिळाली नसेल तरी निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल करता येतं, तिच्यासाठी अडून राहू नका.

खरं कारण टिकतं का, हा तुमचा मुख्य प्रश्न. टिकतं. कायद्यात शब्द आहे "पुरेसं कारण", त्यात आजारपण कुठेच लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 च्या कातिजी प्रकरणात सांगितलं की प्रत्येक दिवसाचा हिशोब द्या म्हणजे तास न् तास मोजत बसा असं नव्हे, व्यवहारी नजरेने पाहायचं. 1998 च्या एन. बालकृष्णन प्रकरणात विलंब 883 दिवसांचा होता आणि कारण वकिलाने काहीच हालचाल केली नाही हे होतं. तिथे एकतर्फी डिक्री रद्द करण्याचा अर्ज गैरहजेरीमुळे फेटाळला गेला होता आणि तो फेटाळल्याचा आदेश रद्द करून मागायला हा उशीर झाला होता, म्हणजे प्रकरण अपिलाचं नव्हतं, पण तत्त्व तेच. किती दिवस गेले यापेक्षा कारण पटतं का, याला महत्त्व. तो विलंब माफ झाला.

मात्र "वकिलाने कळवलं नाही" हे वाक्य म्हणजे हमखास किल्ली नव्हे. 1981 च्या रफिक प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको. पण 1993 च्या सलील दत्ता प्रकरणात सांगितलं की असा सरसकट नियम नाही, पक्षकार स्वतः जागा होता का हेही पाहू. तुम्हाला न्यायाधीश विचारतील: शेवटच्या तारखेनंतर वडिलांनी स्वतः काय केलं? ऑनलाइन निकाल दिसत होता, सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा क्रमांक, टाकला की पाच मिनिटांत कळतं, तुम्ही का पाहिलं नाही? याचं उत्तर तयार ठेवा. वडिलांकडे स्मार्टफोन नाही, तुम्ही बाहेरगावी असता, हे तसंच लिहा.

बेलिफबद्दल. नुसतं अपील दाखल झाल्याने डिक्री थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. आणि नियम 3-अ मध्येच असं आहे की विलंब माफीचा अर्ज असेल तर कोर्ट अपील ऐकायला घ्यायचं ठरवीपर्यंत डिक्रीला स्थगिती देता येत नाही. म्हणजे तुमच्यापुढे विलंबाचा अर्ज लवकर चालवून घेणं हाच मार्ग आहे. नोटीस साध्या बजावणीवर सोडू नका, मागे लागून लवकर बजावून घ्या. समोरच्याने दरखास्त लावली तर त्या कोर्टात हजर राहा, अर्जाची प्रत दाखवून वेळ मागा. देणं न देणं त्या कोर्टाच्या हातात, पण नोटीस टाळली तर मात्र बाजू नक्की बिघडते.

.

मधली_लेक
21 नोव्हेंबर, दुपारी 12.30

दोघांचे खूप आभार. काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वडिलांची एक दोनशेपानी वही आहे. 2016 पासूनची प्रत्येक तारीख त्यात आहे. "तारीख पडली", "समोरचा वकील गैरहजर", "साहेब रजेवर". शेवटचं जे मला आठवतंय ते 4 जुलैचं: "युक्तिवाद संपला. वकीलसाहेब म्हणाले निकाल लागला की फोन करतो, यायची गरज नाही." आज रात्री घरी जाणार आहे, वही पुन्हा बघते.

.

जुना शिरस्तेदार
21 नोव्हेंबर, दुपारी 3.10

वही म्हटल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला.

आता मेडिकल. एक प्रकरण सांगतो, नावगाव काढून. भावाभावांचा वाटपाचा दावा, धाकटा हरला, अपिलाला दोन-अडीच महिने उशीर. कारण त्याचंही खरं होतं, पैशांची जुळवाजुळव होत नव्हती. नकलेला, कोर्ट फीला, वकिलाला पैसे नव्हते. ते लिहायला लाज वाटली की काय, कुणीतरी कावीळ झाल्याचं सर्टिफिकेट आणून दिलं. सहा आठवडे पूर्ण विश्रांती. समोरच्या वकिलाने आमच्याच कोर्टातला दुसऱ्या एका प्रकरणाचा रोजनामा, म्हणजे तारखेवार कामकाजाची नोंद, काढला. त्या सहा आठवड्यांत एका दिवशी हाच माणूस साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला होता. साक्षीच्या कागदावर त्याची सही. दोन्ही कागद साहेबांसमोर शेजारी शेजारी ठेवले. ती फाइल मीच नेऊन दिली होती. साहेबांनी काही सुनावलं नाही, नुसता त्या सहीवर अंगठा ठेवून बराच वेळ बघत राहिले. अर्ज फेटाळला. त्या माणसाचं खरं कारण कुणी ऐकलंच नाही, कारण त्याने ते सांगितलंच नव्हतं. त्याच्या अपिलात दम होता हे मला आजही वाटतं, मुद्दे मी वाचले होते.

खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, ते झालंच. पण माझा मुद्दा त्याहून साधा आहे. खरं कारण लिहिलं तर त्याला तारखा आपोआप जडतात. सिम कधी बंद पडलं, नवं कधी घेतलं, शेजारी विहिरीवर कधी आला, तुम्ही रजा कधी टाकली, नकलेचा अर्ज कधी केला. प्रत्येकाला कागद निघतो. मोबाइल कंपनीकडून नव्या नंबरची तारीख मिळेल, तुमच्या ऑफिसातून रजेचा अर्ज मिळेल, नकलेचा शिक्का आहेच. खोट्या कारणाला एकच कागद असतो, तो फाटला की हातात काही उरत नाही.

नंबर कळवायचा राहिला हे लिहा. ती तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आहे म्हणून गाळू नका. समोरचा ती काढणारच, वकिलाच्या कारकुनाचा फोन लागला नाही हे कुठून तरी बाहेर येणारच. तुम्ही आधी लिहिलीत तर ती चूक राहते. त्याने काढली तर ती लबाडी ठरते.

आणि जुन्या वकिलांवर भारंभार आरोप करू नका. काय घडलं तेवढंच. 4 जुलैला असं सांगितलं, फोन आला नाही, नंबर बदललेला होता. राग असेल तर त्याची जागा वेगळी आहे. अर्ज मात्र दुसऱ्या वकिलाकडून करा. ज्यांच्या ऑफिसातून कळवायचं राहिलं तेच ती गोष्ट अर्जात मोकळेपणाने लिहितील, अशी अपेक्षा ठेवणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

.

मधली_लेक
22 नोव्हेंबर, रात्री 1.50

झोप लागत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

वही सापडली. 4 जुलैची नोंद आहेच. पण त्याच्या पुढचं पान उलटलं तर आणखी एक नोंद निघाली, मला माहीतच नव्हती. "9 सप्टेंबर. निकालाचं विचारायला गेलो. वकिलांचं ऑफिस बंद. शेजारी विचारलं, साहेब बाहेरगावी. परत आलो." आणि पानाच्या घडीत एसटीचं तिकीट. 9 तारखेचंच. शाई इतकी उडाली आहे की दिव्यासमोर तिरकं धरल्यावर तारीख दिसते.

वडिलांना उठवून विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाले, "सांगण्यासारखं काय होतं, काम झालं नाही."

म्हणजे ते गेले होते. सप्टेंबरमध्ये स्वतः चौकशीला गेले होते. आणि मेडिकल लावलं असतं तर त्याच दिवशी ते अंथरुणाला खिळलेले असते.

.

जुना शिरस्तेदार
22 नोव्हेंबर, सकाळी 5.55

ताई, उठल्या उठल्या पहिलं काम. त्या तिकिटाची झेरॉक्स काढा, चांगल्या मशिनवर, गडद करून. मोबाइलवर दोन-तीन फोटोही काढा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो, काही काळाने कोरा होऊ शकतो. लॅमिनेशन मुळीच करू नका, गरम रोलरमधून गेला की अख्खा काळा पडतो. मूळ तिकीट पाकिटात, अंधारात ठेवा. वही जशी आहे तशी राहू द्या. नवीन शाईने काही गिरवू नका, समास आखू नका, राहिलेल्या तारखा आता भरू नका. नऊ वर्षांच्या नोंदी वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या हातघाईत लिहिलेल्या आहेत, त्यातच तिची किंमत आहे. 4 जुलै आणि 9 सप्टेंबरच्या पानांच्या प्रती जोडा, मूळ वही सुनावणीला बरोबर न्या.

तालुका बारमधल्या वकीलसाहेबांनी जो प्रश्न सांगितला होता, वडिलांनी स्वतः काय केलं, त्याचं उत्तर त्यांनी सप्टेंबरमध्येच लिहून ठेवलं होतं.

.

तालुका बारमधला
22 नोव्हेंबर, सकाळी 10.20

फारच उपयोगाचा पुरावा आहे. पण समोरचा विचारेल, 9 सप्टेंबरला ऑफिस बंद होतं तर दहा तारखेला का गेले नाहीत? ऑक्टोबरभर काय केलं? त्यालाही खरंच उत्तर द्या. शेतातली कामं असतील, "फोन करतो" म्हटल्यावर विश्वास असेल, निकाल लांबणीवर पडला असं वाटलं असेल. वडिलांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा.

दोन गोष्टी राहिल्या. दाव्यातले सगळे वादी अपिलात उत्तरवादी म्हणून घ्या, एकही नाव सोडू नका. आणि त्यांच्यापैकी कुणी मध्यंतरी वारलं असेल तर त्याचे वारस आताच शोधा. मयत माणसाच्या नावावर नोटीस निघाली की महिने जातात. अपिलाचे मुद्देही घाईत उरकू नका, विशेषतः मोजणीचा नकाशा आणि विहिरीचा जुना ताबा. विलंबाचा अर्ज ऐकताना अपिलात काही तथ्य आहे का याचा अंदाज न्यायाधीश घेतच असतात.

.

बांधावरचा
22 नोव्हेंबर, सकाळी 11.00

माझं चुकलं ताई, माफ करा. आमच्या गावात सगळे असंच सांगतात, मीही तेच धरून चाललो होतो. माझ्या चुलत्याचा निकाल मागच्या आठवड्यात लागलाय, त्याला सोमवारीच नकलेचा अर्ज करायला पाठवतो.

.

मधली_लेक
24 नोव्हेंबर, रात्री 9.15

आज दाखल झालं.

नवीन वकील मॅडम मिळाल्या. शनिवारी दुपारी बसून त्यांनी वडिलांना एकेक तारीख विचारली. वडील सांगत गेले, मॅडम लिहीत गेल्या. ऑक्टोबरबद्दल विचारलं तर वडील म्हणाले, "सोयाबीन काढणीला होतं. आणि साहेब फोन करतो म्हणाले होते, नऊ वर्षांत त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं." मॅडमनी ते जवळजवळ तसंच घातलं. नंबर कळवायचा राहिला, हा वेगळा परिच्छेद आहे. विलंब 99 दिवस. सकाळी दाखल करण्याआधी मी कॅलेंडर घेऊन पुन्हा मोजले.

वहीच्या दोन पानांच्या प्रती, तिकिटाची झेरॉक्स, माझ्या रजेचा अर्ज, नव्या सिमची पावती, सगळं जोडलं. ऑब्जेक्शन आलं ते एकच, एका पानावर वडिलांची सही राहिली होती. तिथल्या तिथे केली.

शपथपत्रावर सही करताना वडील म्हणाले, आधी मला वाचून दाखवा. मागे रांग होती, मला संकोच वाटला. पण मॅडमनी बाजूला बाकावर बसून सगळं वाचून दाखवलं. 9 सप्टेंबरच्या परिच्छेदाशी त्यांनी थांबवलं. लिहिलं होतं, "अर्जदार वकिलांच्या कार्यालयात गेले असता कार्यालय बंद होते." म्हणाले, "बंद होतं बरोबर, पण मी दुपारी दोन वाजता गेलो होतो. सकाळी उघडं असेलही. तेवढं लिहा." मॅडमनी पेनाने "दुपारी दोनच्या सुमारास" घातलं, समासात छोटी सही घेतली. मग वडिलांनी शेवटी पूर्ण नाव लिहून सही केली, वहीत करतात तशीच.

नोटीस निघाली आहे, पुढची तारीख 15 डिसेंबर. बजावणीसाठी उद्याच बेलिफ विभागात जाणार आहे. काका, तिकीट काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवलंय.

वडिलांनी घरी आल्यावर वही काढली आणि नवीन ओळ लिहिली: "24 नोव्हेंबर. अपील दिलं. तारीख पडली."